मामाजींनी सांगितलेला अर्थ

‘एम्बॅरस्ड’ हा शब्द आणि माझा नवरा, दोघेही मला एकाच दिवशी, एकाच खोलीत भेटले.

तेलंगणातल्या निर्मल शहरात सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठी इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. मी आदिलाबादच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमची पोरं घरी मराठी बोलतात, बाजारात तेलुगू, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी. इंग्रजी फक्त माझ्याशी, तीही मी समोर उभी असेन तरच. माझं स्वतःचंही तसंच होतं. व्याकरण विचारा, फळाभर मांडून दाखवीन. पण चार माणसांत इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. तरीही त्या सकाळी निर्मलच्या बसमध्ये मी इतकी खुशीत होते, की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. शेजारची बाई जरा सरकून बसली.

प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी जेवणाआधी एक खेळ मांडला. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर मनाच्या एखाद्या अवस्थेचा शब्द. तो न बोलता करून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा. कोणाला ‘हॅपी’ आला, कोणाला ‘अँग्री’. माझ्या कार्डावर लिहिलं होतं ‘एम्बॅरस्ड’. स्पेलिंग मला तोंडपाठ होतं, दोन आर, दोन एस. अर्थही माहीत होता, म्हणजे तसं मला वाटत होतं. शरम वाटणं. मी पुढे गेले, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मान खाली घातली, आणि कमी पडायला नको म्हणून ओढणीने डोळेही पुसले.

“सॅड!” कोणी तरी ओरडलं. “गिल्टी!” “हेडेक!”

मागच्या रांगेतून एका माणसाने शांतपणे विचारलं, “टूथ पेन?”

सगळी खोली हसली. मी कार्ड उलटं करून दाखवलं, तर तोच माणूस उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, “मॅडम, ये एम्बॅरस्ड नहीं हुआ. ये तो चोरी पकड़े गए वैसा हुआ.”

“मग तुम्ही दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

तो पुढे यायला निघाला आणि प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकून असा काही धडपडला की भिंतीवरचं चित्रच गेलं. पडला नाही, पण पडायचा राहिला एवढंच. सरळ उभा राहून त्याने इकडेतिकडे पाहिलं, कान चोळला, हसला, आणि जणू आपण मुद्दामच वाकलो होतो अशा थाटात जमिनीवर काही तरी शोधू लागला. सगळ्या खोलीने एका आवाजात आरोळी ठोकली, “एम्बॅरस्ड!” त्यात माझाही आवाज होता. माझा घसा कोरडा पडतो हे मी त्या क्षणी साफ विसरले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःहून त्याच्याशी बोलायला गेले. तो मंचेरियलचा, घरी तेलुगू, बेज्जूरकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायचा. मी विचारलं, तुम्ही खरंच अडखळलात की मुद्दाम? तो म्हणाला, ते सांगितलं तर मी पुन्हा एम्बॅरस्ड होईन.

मग त्याने समजावून सांगितलं. आपल्या हातून काही वाईट घडलं असेल, मन आतून खात असेल, तर ते ‘अशेम्ड’. एम्बॅरस्डमध्ये गुन्हा काहीच नसतो. लोक फक्त पाहत असतात, आणि आपल्याला वाटतं, यांनी आत्ता दुसरीकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी जागच्या जागी मराठीत शब्द शोधू लागले. लाजणं म्हटलं तर ते नव्या नवरीचं. शरम म्हटलं तर ती चुकलेल्या माणसाची. संकोच जरा पुस्तकी. ओशाळणं? वरमणं? हे बरेच जवळ येत होते. मी ‘ओशाळणं’ म्हणून दाखवलं. तेलुगूत ळ आहेच, त्यामुळे ळ त्याला सहज जमला. फक्त ‘ओ’ त्याने मंचेरियलपर्यंत लांबवला. तो म्हणाला, “हमारे यहाँ सब को एक ही शब्द, सिग्गु. नई दुल्हन को भी सिग्गु, चोर को भी सिग्गु.”

प्रशिक्षण संपलं. पण आम्हा दोघांचा धडा चालूच राहिला. रोज संध्याकाळी फोनवर त्याचं एक वाक्य लिहून यायचं, आज मी कसा एम्बॅरस्ड झालो त्याचं. कधी त्याने भर वर्गात मुख्याध्यापिकांना ‘अम्मा’ म्हणून हाक मारलेली असायची, कधी दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला घालून तो शाळेत पोचलेला असायचा. मीही माझं लिहायचे. एकदा शिक्षणाधिकारी नुसती नावांची यादी वाचत होत्या आणि मी ती हजेरी समजून ‘प्रेझेंट, मॅडम’ म्हणून मोठ्याने ओरडले होते, ते लिहिलं. त्यावर त्याचा फोनच आला, लिहिणं नाही. तो हसत होता, मी हसत होते, आणि बोलणं काहीच होत नव्हतं. फोन ठेवल्यावर मला कळलं की आपण आता या माणसाशिवाय राहू शकणार नाही.

घरी सांगितलं. धर्माचा, जातीचा प्रश्न नव्हता. दोन्ही घरांच्या भिंतीवर एकच तसबीर, दोन्ही घरांत वंदना एकच. प्रश्न होता तो भाषेचा आणि अंतराचा. बाबा आदिलाबादच्या कापूस बाजारात कारकून. तेलुगू त्यांना येतं, पण ते बाजारापुरतं. “सोयरिक कराची म्हंजे नुसतं ‘कितना’ अन् ‘एंता’ म्हनून भागते का?” असं ते म्हणाले. मग आईने आठवडाभर काय काय सांगितलं कोण जाणे, एका सकाळी दाढी करता करता बाबा आरशाकडे पाहूनच बोलले, “येऊ दे त्याइले. पाहू.”

मी ओरडलेच. शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

ते लोक येणार त्या रविवारसाठी आमच्या घरात जी धांदल उडाली ती काय सांगू! आईने घर सारवून, पुसून, पुन्हा पुसलं. आईचे थोरले भाऊ, मोठे मामाजी, आदल्या दिवशीच आले. ते तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले, साऱ्या नातेवाइकांत इंग्रजीचे जाणकार. त्यांच्या बोलण्यात दफ्तर, दरख्वास्त, मुलाहिजा असे शब्द इतक्या सहज यायचे, की साधा निरोपही हुकमासारखा वाटायचा. आणि काका. बाबांचा धाकटा भाऊ, गाव ते आदिलाबाद ऑटो चालवतो. काकाचा जीव दोन गोष्टींत, माझ्यात आणि फ्लेक्समध्ये. गावात कोणाचा वाढदिवस असो, कोणी बारावी पास होवो, काका शहरातून फ्लेक्स बनवून आणणारच. काका त्या आठवड्यात भलताच गप्प होता. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं, पण माझं लक्ष होतंच कुठे?

रविवारी मी स्वयंपाकघरात भज्यांचं पीठ भिजवत होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पोरं ओरडली, “आले! आले!” मी खिडकीशी धावले, आणि गाडीआधी मला दिसला तो फ्लेक्स.

गल्लीच्या तोंडाशी, दोन बांबूंच्या मध्ये, आमच्या दारापेक्षाही मोठा. काकाने पाहुण्याला रस्ता सांगायला म्हणून त्याचा नंबर घेतला होता. त्या नंबरावर दिसणारा फोटोच काकाने उचलला होता. तो फोटो कुंतालाच्या धबधब्याखालचा. अंगात भिजलेली बनियन, खांद्यावर टॉवेल, पाण्याच्या गारठ्याने ओरडताना उघडलेलं तोंड. फ्लेक्सवाल्याने धबधबा सफाईने कापून टाकला होता आणि त्या जागी गुलाबाची फुलं आणि बर्फाचे डोंगर लावले होते. त्यामुळे पाणी कुठेच नाही, आणि हा माणूस मात्र निथळता, टॉवेल घेऊन, गुलाबांत उभा राहून बोंब मारतोय. खाली ओळीने शुभेच्छुक, गॉगल लावलेला काका पहिला. आणि सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत: ‘आमचे जवाईबापू यांचे गावात सहर्ष स्वागत’.

जवाईबापू! अजून तर दोन्ही घरांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

गाडी त्या फ्लेक्ससमोरच थांबली. तो उतरला. त्याने वर पाहिलं. त्याच्या वडिलांनी वर पाहिलं. मागून उतरलेल्या आईने पदर सावरत वर पाहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने कान चोळला. खिडकीच्या गजांमागे मला हसू आवरेना.

सगळे बैठकीच्या खोलीत बसले. त्याचे वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. त्याची आई हसऱ्या चेहऱ्याची, पण आमचं मराठी न कळल्यामुळे सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहणारी. बाबा आणि मामाजी समोर खुर्च्यांवर. काका दाराच्या चौकटीत, कौतुकाची वाट पाहत. पाणी झालं, चहा झाला, रस्ता कसा होता ते झालं. आणि मग काकाला राहवेना.

“बॅनर कैसा लगा, जवाईबापू?”

तो हसला. कानापर्यंत लाल झाला. “बहुत अच्छा है, काका. लेकिन, मतलब, आय अ‍ॅम सो एम्बॅरस्ड.”

काकाला शब्द कळला नाही. त्याने मामाजींकडे पाहिलं. “काय म्हनले थे?”

मामाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपल्या ज्ञानाची वेळ आली की ते नेहमी असंच करायचे. “एम्बॅरस्ड,” ते म्हणाले. “म्हंजे शर्मिंदा. थे शर्मिंदा हायेत.”

काकाचं हसू तसंच राहिलं, पण त्यातला काका निघून गेला. तो दारातून बाजूला झाला.

“शर्मिंदा?” बाबा म्हणाले. “कायचे शर्मिंदा? आमचे?”

मामाजींनी चहाचा कप उचलला. त्यांना वाटलं असावं, अर्थ सांगणं आपलं काम, पुढचं आपलं नाही.

बाबांचा राग मला माहीत आहे. तो येतो आणि जातो. पण हा राग नव्हता. माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. आमच्या घरी पाणी प्यायची शरम वाटणारी माणसं बाबांनी लहानपणी जवळून पाहिली होती. शरम हा शब्द त्यांच्या कानांना नुसता शब्द म्हणून ऐकूच येत नाही. ते खुर्चीवरून उठले आणि त्याच्या वडिलांना हिंदीत म्हणाले, “शरम आती है तो फिर रिश्ता कायको करना, साब? आप चाय पियो, आराम से जाओ.”

“शरम?” त्याचे वडील बुचकळ्यात. “किसको शरम?”

त्याची आई मुलाला कोपराने ढोसून तेलुगूत विचारत होती, काय झालं, काय म्हणालास तू? आणि त्या बिचाऱ्याने घाईघाईने तिला तोच एक शब्द सांगितला जो त्याच्याकडे होता, “सिग्गु, अम्मा, सिग्गु!” तिला वाटलं पोरगा लाजला. ती खळखळून हसली. पदर तोंडाला लावून हसली. इकडे बाबांनी ते हसणं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आणखी दगडासारखा झाला.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. आईने मागून ओढणी धरली होती, ती तिच्याच हातात राहिली.

“बाबा, मामाजीनं सांगतला थो अर्थ नाई हाये.”

“तू आत जाय.”

“नाई जात. बाबा, एक इचारू तुमाले?”

“आता नाई.”

“आताच इचारते. माही नोकरी लागली तवा विहारासमोर सत्कार झाला होता. तुमाले वर बोलावलं. शाल टाकली, हातात माईक देल्ला. मंग तुमी काय केलं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर ही पोरगी काय बोलते आहे, असं त्यांना झालं असणार. पण दारात उभी असलेली आई बोलली, “माईक पाटलाच्या हातात देऊन पयाले. टाकीच्या मांगं जाऊन उभे राह्यले.”

“भर उन्हात,” मी म्हटलं. “अंगावर शाल तशीच. मी शोधत आली तं तुमी तोटीखाली तोंड धूत होते. बाबा, तुमाले तवा माही शरम वाटली होती का?”

“काय बोलतं वं?” बाबा ओरडलेच. “तुही शरम? इतल्या लोकांत माहं नाव झालं तुह्यापायी!”

“मंग पयाले काऊन?”

बाबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तो माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी मराठीत नव्हे तर थेट त्याच्याच भाषेत बोलत होते.

“कसंतरीच झालं होतं,” बाबा हळूहळू म्हणाले. “जीवाले बरंही वाटून राह्यलं होतं, अन् तिथून निंघून जावं असंही. सारे माह्याकडंच पाहून राह्यले होते ना. तोंड कुठं ठेवू थेच समजे ना.”

“हेच, बाबा! हेच थे! एम्बॅरस्ड म्हंजे हेच!” मी टाळी वाजवली. पिठाचे शिंतोडे मामाजींच्या चष्म्यावर उडाले. “आपली शरम नाई वाटत त्याइले. गावानं इतलं मोठं स्वागत केलं, तेही बनियनवर, अन् सारं गाव पाहून राह्यलं. म्हनून तुमच्यावानी झालं त्याइले. टाकी नाई सापडली, नाई तं थेही पयाले असते.”

मग तेच मी तेलुगूत त्याच्या आईवडिलांना सांगितलं, बाबांचा माईक, शाल, टाकी, सगळं. त्याचे वडील ऐकता ऐकता मान डोलवू लागले. ते म्हणाले, खाणीतून निवृत्त झालो त्या दिवशी माझ्या गळ्यात हार घातले आणि बोल म्हणाले, मी पण ‘नमस्कारम्’ म्हणून खाली उतरलो होतो. मी ते बाबांना सांगितलं. दोघे बाप एकमेकांकडे पाहत राहिले, आणि मग बाबा आधी हसले. ते खुर्चीवर बसले, पुन्हा उठले, पाहुण्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

मामाजी चष्मा पुसत म्हणाले, “आमच्या दफ्तरात तं एम्बॅरस म्हंजे शर्मिंदाच समजत होते.”

“मामाजी, तुमच्या दफ्तरात ज्याची चूक झाली थोच समोर उभा राहे ना. म्हनून तसा अर्थ पडला असंल.”

त्यांनी त्यावर विचार केला. “हां, हे एक हाये.” मग त्यांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “तं मंग मी आता जो झालो, थो काय?”

“थेच, मामाजी. एम्बॅरस्ड.”

आता मात्र सगळ्या खोलीत हशा पिकला. त्याच्या आईला शब्द न कळताही ती सगळ्यांत जास्त हसत होती. आणि त्या हसण्यातच आई एकदम म्हणाली, “भाऊजी कुठं गेले?”

काका खोलीत नव्हता. आम्ही बाहेर धावलो. काका बांबूला लावलेल्या शिडीवर चढून दोऱ्या सोडत होता. एक बाजू सुटली होती. फ्लेक्स अर्धा लोंबत होता, गुलाब जमिनीला टेकले होते, आणि गॉगलवाल्या काकाला घडी पडली होती. खालची पोरं हिरमुसून उभी होती. काका आमच्याकडे पाहत नव्हता. त्याच्या तोंडात दोरी होती, तरी त्याचा चेहरा रडवेला आहे हे लांबून दिसत होतं.

“काका, नक्को!” तो माझ्या बाजूने पळत गेला, पायांत नुसते मोजे. “उतारो मत! काका, मेरे को पसंद है!”

“जाऊ द्या,” काका दोरी थुंकून म्हणाला. “तुमाले शरम वाटते.”

“नाई!” तो ओरडला. मग मराठीत पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही सांगायच्या आतच त्याला आठवलं, आणि त्याने गल्लीभर ऐकू जाईल असा सूर लावला, “ओऽऽशाळलो! काका, मी ओऽऽशाळलो!”

काकाने शिडीवरून खाली पाहिलं. आमच्या गावात ओशाळलो असं कोणी बोलत नाही, ते पुस्तकातलं. पण पोरगा मोजे चिखलात भरवून, मान वर करून, आपल्यासाठी मराठी बोलतो आहे, एवढं काकाला कळलं. “काय म्हंते थो?” त्याने मला विचारलं.

“कसंतरीच झालं म्हंते. आनंदानं.”

“मंग असं सांगा ना लेकहो!” काका म्हणाला आणि सोडलेली दोरी भराभर परत बांधू लागला. पोरांनी असा गलका केला की विहाराकडून माणसं धावत आली. फ्लेक्स पुन्हा ताणून उभा राहिला, आधीपेक्षा जरा तिरका. फ्लेक्सवरचा माणूस त्याच्याखाली येऊन उभा राहिला, कोणाचा तरी टॉवेल मागून खांद्यावर टाकला, आणि फोटोतल्यासारखंच तोंड उघडून ओरडला. फोन बाहेर निघाले. काका शिडीवरून उडी मारून त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, गॉगल लावून. मग बाबा. मग मामाजी, चष्मा पुसून. त्याचे वडील म्हणाले, “इतने साल में मेरा लड़का पहली बार हीरो दिखा.”

त्याची आई मात्र फोटोत नव्हती. ती फ्लेक्ससमोर उभी राहून वरची सोनेरी अक्षरं न्याहाळत होती. तिने मला जवळ बोलावलं, माझा हात धरला, तिचाही पिठाचा झाला, आणि तेलुगूत विचारलं, काय लिहिलं आहे गं इथे?

मी वाचलं. ‘आमचे’ वाचलं. पुढचा शब्द वाचायला मला दम घ्यावा लागला. मग तेलुगूत सांगितलं, अल्लुडु. जावई.

तिने पुन्हा वर पाहिलं. मग ती आपल्या नवऱ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “रासेशारु कदा! अयिपोयिंदि!”

“काय म्हंतेत त्या?” बाबांनी मला विचारलं.

“त्या म्हंतेत,” मी म्हटलं, “लिहून टाकलं ना. मंग झालंच.”

यावर जे झालं ते मला धड आठवत नाही. पोरं नाचत होती, कोणी तरी ऑटोचा हॉर्न वाजवत होतं, मामाजी “मुबारक, मुबारक” म्हणत सगळ्यांच्या गळ्यात पडत होते. बाबा आणि त्याचे वडील तिथेच गल्लीत उभे राहून लग्नाबद्दल बोलू लागले होते, एक अर्धा तेलुगू, दुसरा अर्धा हिंदी, आणि दोघांची मान एकाच वेळी हलत होती. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. एवढ्या लोकांत त्याने माझ्याकडे पाहून नुसता कान चोळला.

आईने मला दंडाला धरून आत नेलं. कढईतलं तेल धुरावलं होतं. तिने आच कमी केली, मला समोर उभं केलं, आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाली, “बाहेर सारे ओरडून राह्यले. पन तुले कोनी इचारलंच नाई. मी इचारते. खरं सांग, तुले पसंत हाये ना? मन घट्ट करून नोको सांगू, मोकयं सांग.”

“हो!” मी म्हटलं.

ते इतक्या जोरात निघालं, की बाहेरचा सगळा गलका क्षणभर थांबला. खिडकीबाहेर कोणी तरी टाळी वाजवली. बहुतेक काकाच असावा.

आईने पदराने डोळे पुसले आणि हसत माझ्याकडे झारा दिला. “मंग टाक भजे. लोक मंचेरियलहून आलेले हायेत, उपाशी.”